टिटवीबाईंचा ‘नाही’चा तास

एका जंगलात लोकशाही होती. रोज नव्हे, पाच वर्षांतून एकदा. तिथल्या सरकारी शाळेत टिटवीबाई शिकवायच्या. आता टिटवीच ती, ओरडण्यात तिचा हात कोण धरणार! धडाही सोपा: नकोसा पंजा अंगाला लागला, की ‘नाही!’ म्हणून ओरडायचं, पळायचं आणि घरी जाऊन सांगायचं. पंजा कुणाचाही असो.

पिल्लं खूश! शाळेत ओरडायला मिळतंय, आणखी काय हवं? एकट्या बकुळीच्या, त्या हरणाच्या पाडसाच्या, तोंडून आवाजच फुटेना. बाईंना तिचाच घोर लागला होता. वेळ आली तर ही पोर करणार काय?

धडा शिकवून वर्ष झालं, तेव्हा त्याच्या उद्घाटनाला मंत्री तरसराव आले. शाल झाली, नारळ झाला.

“मुलं म्हणजे देवाघरची फुलं!” साहेब गरजले. “ती कुस्करणाऱ्याची गय केली जाणार नाही!”

टाळ्या पडल्या. मग फोटोसाठी साहेबांनी हार घेऊन आलेल्या बकुळीला ओढून मांडीवर बसवलं. “हस की गं छकुले!” म्हणत गाल ओढले. ती अंग चोरू लागली, तरी सोडेनात. मुख्याध्यापक बगळेसर डोळे मिटून एका पायावर उभे होते. बाई पुढे सरसावल्या.

“नाही!” बकुळी अशी किंचाळली, की साहेबांच्या हातातला नारळ त्यांच्याच पायावर पडला. ती उडी मारून पळाली ती थेट आईकडे, आणि सगळं सांगून मोकळी झाली. बाईंना आनंदाने रडूच आलं.

“अहो बाई, पाहुणे वगळून शिकवायचं ना!” बगळेसर कळवळले.

“म्हणजे ओरडण्याआधी पिल्लांनी ओळखपत्र बघायचं का, सर?”

संध्याकाळी फर्मान निघालं. ओरडण्यापूर्वी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी. ती येईपर्यंत पिल्लाने धीर धरावा. पिल्लांपासून मान्यवरांचं रक्षण करायला समिती नेमली गेली. टिटवीबाईंची बदली नदीपलीकडच्या खडकावर झाली. तिथे शाळाच नव्हती.

पण बकुळीला आता कोण गप्प बसवणार? मधल्या सुट्टीत तिने सगळ्या पिल्लांकडून धडा घोटून घेतला. पिल्लांनी तो घरी आयांना शिकवला.

निवडणूक आली. प्रचारसभेत तरसरावांनी पुढच्या रांगेतलं एक पिल्लू उचलायला पंजा पुढे केला, आणि अख्खं मैदान ओरडलं, “नाही!” नदीपलीकडे टिटवीबाईंनी ते ऐकलं आणि खडकावरच एक गिरकी घेतली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत एकच मथळा होता: ‘तरसरावांचे जनतेकडून उत्स्फूर्त घोषणांनी स्वागत.’