राजकन्येचं थरथरतं झाड

या, जवळ सरका. पार तिकडे, जिथे उन्हाळ्यातसुद्धा डोंगरावर बर्फ असतं, तिथे एक राजा होता. नाव धैर्यसेन, आणि होता मुलखाचा भित्रा.

त्या राज्यात एक रीत होती. मूल जन्मलं की त्याच्या नावानं झाड लावायचं. आणि लोक म्हणायचे, झाड वाळलं तर मूलही वाळतं. राजाची एकुलती एक लेक तरला. तिच्या नावानं लावलं ॲस्पेनचं झाड. कसं असतं ते? पांढरी गुळगुळीत साल, तिच्यावर डोळ्यांसारखे काळे डाग, आणि गोल गोल पानं. पानाचा देठ चपटा, म्हणून नुसती फुंकर घातली तरी पान हलतं. सगळं झाड आपलं थरथरतंय, थरथरतंय.

राजाला वाटलं, झाड घाबरलंय. मग त्यानं झाडाभोवती उंच भिंत बांधली. वारा अडला, पण ऊनही अडलं, बरं का. पानं पिवळी पडली. मग राजाला वाटलं, थंडी वाजत असेल. त्यानं बुंध्याला रजया गुंडाळल्या, वर दोर आवळले. आत साल काळी पडली, कुजायला लागली. मग झाडाभोवती जमिनीतून कोवळे कोंब वर आले. राजा म्हणाला, "हे चोर माझ्या झाडाचं पाणी पितायत." रोज सकाळी खुरपं घेऊन तो स्वतः बसायचा आणि एकेक कोंब उपटायचा. राणी म्हणायची, "अहो, जरा सुखानं जगू द्या त्याला." पण ऐकतोय कोण?

तरलेलाही त्यानं महालात कोंडलं होतं. वारा नको, थंडी नको, इतर मुलं तर नकोतच. पोर पांढरीफटक पडली. राजा खिडकीतून झाड बघायचा, मग लेकीकडे बघायचा, आणि पुढ्यातलं ताट तसंच बाजूला सारायचा. मला त्याचा रागही येतो आणि कीवही येते.

एका दुपारी कडाड् आवाज झाला. झाड मोडून पडलं. राजा अनवाणी धावला, तो थेट लेकीच्या खोलीत. बिछाना रिकामा. त्यानं सगळा महाल पालथा घातला.

सापडली कुठे? भिंतीच्या पलीकडे, उन्हात, मातीत बसलेली. शेजारी राणी. दोघींच्या मध्ये एक कोंब होता, त्याला चार गोल पानं, आणि ती थरथरत होती. राजाचा हात सवयीनं कमरेच्या खुरप्याकडे गेला.

"बाबा, नका ना उपटू," तरला म्हणाली. "हे माझंच झाड आहे."

राणीनं बोटानं माती बाजूला सारून दाखवली. कोंबाखाली मूळ होतं. राजा माती उकरत मागे मागे गेला. मूळ भिंतीखालून थेट पडलेल्या झाडापर्यंत गेलं होतं. म्हणजे इतके दिवस तो लेकीचंच झाड उपटत होता. तो मटकन खाली बसला आणि रडला.

राणी म्हणाली, "मूळ जिवंत आहे. आता तरी ऊन लागू द्या."

मग भिंत पाडली. कोंबांना पाणी घातलं, शेळ्यांनी खाऊ नयेत म्हणून काट्यांचं कुंपण केलं. एका झाडाची राई झाली. एक दिवस तरलेनं विचारलं, "बाबा, मी मुलांबरोबर डोंगरावर जाऊ?"

राजानं डोंगराकडे पाहिलं. मग म्हणाला, "जा."

ती पळाली. राजा दारात उभा राहिला. त्याचे हात कापत होते, पाय कापत होते, पण त्यानं तिला परत हाक मारली नाही.

संध्याकाळी ती आली. गुडघा फुटलेला, गाल लाल, आणि दोन भाकऱ्या जास्त जेवली. मग ती सगळी माणसं सुखानं राहिली. आता तुम्हीही निजा पाहू, दिवा मी मालवते.