मुंगी चावेल, एवढंच!

एक होती मुंगी. मोहरीएवढी. म्हणून तिचं नाव राई. तोंड मात्र हे एवढं मोठं!

नमू रोज अंगणात पोळीचा लाडू खायची. एक कण खाली पडायचा. तो कण राईचा. अगदी हक्काचा!

एक दिवस कण पडलाच नाही. राईच्या इवल्याशा पोटात इवले इवले कावळे ओरडू लागले.

राई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. नमूच्या खाटेवर चढली.

"नमू, नमू, अंगणात ये. मला कण मिळेना."

"नाही येणार जा! गावात गोवर आलाय. अंगभर लाल लाल पुरळ उठवतो. माझ्या अंगातला शिपाई त्याला हाकलेल, तर येईन."

राई नमूच्या दंडावर चढली. तुरुतुरु तुरुतुरु. आत ओरडली,

"शिपाईदादा, शिपाईदादा, गोवराला हाकल. नमू अंगणात येईना, मला कण मिळेना."

"नाही हाकलणार जा!" आतून शिपाई म्हणाला. "मी कुठे पाहिलाय गोवर? समोर आला तर रामराम करून बसेन! कोणी त्याचं सोंग दाखवेल, तर हाकलेन."

त्या दिवशी घरी आली नर्सताई. तिची निळी पेटी. पेटीत बर्फ. बर्फात बाटली. बाटलीत लस. राई तिथे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"लसबाई, लसबाई, सोंग दाखव. शिपाई गोवराला हाकलेना, नमू अंगणात येईना, मला कण मिळेना."

"नाही दाखवणार जा! सोंग आहे माझ्याकडे. हुबेहूब गोवर, फक्त दात नाहीत! पण मला पाय नाहीत गं. सुई आत नेईल, तर दाखवेन."

राई सुईकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"सुईबाई, सुईबाई, लसीला ने. लस सोंग दाखवेना, शिपाई गोवराला हाकलेना, नमू अंगणात येईना, मला कण मिळेना."

"नाही नेणार जा! मी काय आपली आपण उडते? नर्सताई टोचेल, तर नेईन."

राई नर्सताईकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"नर्सताई, नर्सताई, सुई टोच. सुई लसीला नेईना, लस सोंग दाखवेना, शिपाई गोवराला हाकलेना, नमू अंगणात येईना, मला कण मिळेना."

"नाही टोचणार जा! नमू हातच देईना. खाटेखाली लपलीय. मी म्हटलं, मुंगी चावेल, एवढंच! तर रडून घर डोक्यावर घेतलंय. तूच चावून दाखव, मग टोचेन."

"मी? चावू?" राईच्या मिशा थरथरल्या. एवढा मान तिला कुणी दिला नव्हता!

राई खाटेखाली शिरली. तुरुतुरु तुरुतुरु. नमूच्या अंगठ्याला...

कुट्ट!

"आई गं!" नमू बाहेर आली. अंगठा पाहिला. "एवढंच?"

"एवढंच!" राई म्हणाली. "उगाच राईचा पर्वत!"

मग काय! नमूने हात दिला. नर्सताईने सुई टोचली. कुट्ट! नमू थोडीशी रडली. थोडीशीच हं. सुईने लसीला नेलं. लसीने सोंग दाखवलं. शिपाई दचकला. "अस्सा दिसतो होय लबाड!"

शिपाई रोज तालीम करू लागला. धप धप धप! त्याला बरेच दिवस लागले. तोवर राईने शेजारची साखर चाखली. पण नमूच्या लाडवाची सर कुठली?

आणि एक दिवस आला खरा गोवर. डुलत डुलत.

"ओळखलं रे तुला!" शिपायाने धरला कान. गोवराने ठोकली धूम!

नमू अंगणात आली. लाडू खाल्ला. आज कण पडला नाही. नमूने मोठ्ठा तुकडाच खाली ठेवला.

"घे राई. पण आता चावायचं नाही हं!"

"नाही चावणार जा!" राई म्हणाली.

आणि लाडवाला कडकडून चावली.