उंबऱ्याबाहेरचे लाल बूट

“मग आई, हा ब्राउझर खोटाच म्हणायचा का?”

तनुजाने फोन पुढे करत विचारलं. समोर आमच्या मठातल्या सर्वांत वृद्ध तपस्विनी बसल्या होत्या. त्यांना आम्ही आईच म्हणतो.

तनुजा मारकुट्या नवऱ्याला सोडून आमच्याकडे आली होती. कॉम्प्युटरमधली हुशार बाई, आणि ते तिने आम्हाला पुरेपूर ऐकवलंही होतं. नवा फोन, नवा नंबर, त्यात असा ब्राउझर की जाहिराती बंद, मागावर राहणारे बंद. आता मला ब्रह्मदेवही शोधू शकणार नाही, म्हणाली होती. आम्ही आपल्या माना डोलावल्या.

आज सकाळी तिच्या मेलवर नवऱ्याची एकच ओळ आली. ‘परतवाड्यात थंडी पडली का गं?’

परतवाडा इथून हाकेच्या अंतरावर.

आईंना ब्राउझरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या म्हणाल्या, आधी दार लाव.

तिने दार लावलं, कडी घातली. खिडकीही ओढून घेतली.

“आता?” आईंनी विचारलं.

“आता मी इथे आहे हे कोणाला कळणार नाही.”

...

तेवढ्यात बाहेरून स्वयंपाकघरातल्या कमळाबाईंची हाक आली. “तनुजाताई, जेवायला चला नं.”

तनुजा दारापासून मागे सरली. “यांना कसं कळलं?” ती कुजबुजली.

आई उठल्या. कडी काढली. उंबऱ्याबाहेर आमच्या झिजक्या चपलांत तिचे लाल बूट होते. सगळ्या मठात तसा तो एकच जोड. रिवाज म्हणून तिनेच काढून ठेवलेला. आईंनी तो आत आणला, तिच्यापुढे ठेवला आणि दार पुन्हा लावलं.

तिने बूट जवळ ओढले.

मग हळूच म्हणाली, “नवा ब्राउझर घेतला आणि पहिल्यांदा त्यात जुना मेल उघडला. माझ्याच नावाने. पासवर्ड त्याला ठाऊक आहे. मेल कुठून उघडला, तेही त्याला तिथे दिसतं.”

“म्हणजे ब्राउझरने अडवलं नाही?” मी विचारलं.

“अडवलं हो. सगळ्यांना अडवलं... मीच सांगून टाकलं.”

रस्त्यावर एक गाडी थांबली. की नुसतीच हळू झाली, कोण जाणे.

तनुजा घाईघाईने बूट घालायला वाकली. आईंनी तिचा हात धरला.

“राहू देत ते. मागच्या दाराने चल. अनवाणी.”