कुंपणापलीकडे बघणारी वांगी

या, जवळ सरका. उशा नीट घ्या. सुमे, पाय पांघरुणात घे बघू. हं. आता ऐका.

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याशी निंबखोरी नावाचं गाव होतं. त्या गावात एक बाई राहायची. तिचं नाव सगुणा. घरात नवरा हरबा आणि दोन मुली. मोठी तारा, धाकटी बकुळा. दोघी एका ताटात जेवायच्या, एका वाकळेत निजायच्या. एकीला शिंक आली की दुसरी नाक पुसायची, इतकं त्यांचं गूळपीठ.

तर ही सगुणा भाजी अशी करायची की काय सांगू. बाजारात गेली की भेंडीचं टोक मोडून बघायची. कट्कन मोडलं तर घ्यायची, वाकलं तर ठेवून द्यायची. भोपळ्यावर टिचकी मारून कान लावायची. वांग्याचा देठ हिरवागार आहे का ते बघायची. आणि मग घरी येऊन चूल पेटवली की वास पार वेशीपर्यंत. गावात कुणाकडे लग्न असो, बारसं असो, भाजीला सगुणाबाईच. ती नुसती दारातून आत आली तरी बायका जागा करून द्यायच्या. हे तिला फार आवडायचं, बरं का. आवडणारच. तुम्हाला नाही आवडणार?

मग एक दिवस शेजारच्या रिकाम्या घरात एक बाई राहायला आली. हौसा तिचं नाव. नवरा देवाघरी गेलेला. सोबत एक म्हातारा सासरा आणि कमरेला बियांची पुरचुंडी. दुसरं काही नाही. हौसानं घरामागची जमीन खणली. दगड वेचले. वाफे केले. आणि पावसाळा सरता सरता तिच्या परसात जे काही आलं म्हणता! मांडवावर दोडके लोंबतायत, वाफ्यात चाकवत दाटलाय, मिरच्या तर झाडाला मावत नव्हत्या. हौसाला स्वयंपाक फारसा येत नव्हता. भाजी चिरायची, मीठ घालायचं, शिजवायची, झालं. पण उरलेली भाजी ती घराघरातून वाटायची. सगुणालाही चार दोडके देऊन गेली.

सगुणानं ते दोडके केले. हरबा जेवायला बसला. एक घास खाल्ला आणि थांबला. म्हणाला, आज भाजीत काय घातलंस? सगुणा म्हणाली, नेहमीचंच. दोडके तेवढे हौसानं दिलेले. तेव्हा हरबा सहज म्हणाला, मग तिच्याकडचेच आणत जा.

सहजच म्हणाला हो तो. पण सगुणाच्या पोटात काहीतरी टोचलं. बारीक. काटा मोडावा तसं.

मग दोन दिवसांनी विहिरीवर बायका जमल्या होत्या. सगुणा घागर घेऊन गेली. बायका बोलत होत्या ते हौसाच्या मिरच्यांबद्दल. कुणी जागाच करून दिली नाही. काटा आणखी आत गेला.

आणि मग पाटलीणबाई आल्या. त्यांच्या रेणूचं लग्न ठरलं होतं. पाटलीणबाई सगुणाच्या दारावरून पुढे गेल्या आणि हौसाच्या दारात थांबल्या. लग्नाची सगळी भाजी तुझ्या परसातली, असं सांगून मग त्या मागे वळल्या आणि सगुणाला म्हणाल्या, भाजी हौसाची आहे, तुम्ही फक्त शिजवायला या.

फक्त शिजवायला. त्या दिवशी सगुणाला जेवण गेलं नाही.

तिनं ठरवलं, आपणही भाजी लावायची. अशी लावायची की हौसाचं नाव कुणी काढता कामा नये. ती हौसाकडे गेली, गोड बोलली आणि बी मागितलं. हौसानं पुरचुंडी सोडून मूठ मूठ बी दिलं. दोडक्याचं, वांग्याचं आणि तांबड्या भोपळ्याचं. म्हणाली, लावा, अक्का. चांगलं बी आहे. कानावर पडेल ते ऐकतं.

सगुणाला वाटलं, बी कुठे ऐकतं का? तिनं वाफे केले, बी टोकलं. रोज सकाळी घागर घेऊन ती वाफ्यात उभी राहायची. हात पाणी घालायचा आणि डोळे कुंपणापलीकडे. हौसाची वेल किती चढली. हौसाला फूल आलं का. तिला का आलं, मला का नाही. तोंडानं पुटपुटायची, तिच्याहून मोठे व्हा. तिचे वाळोत, तुम्ही वाढा. असं रोज.

आणि काय नवल सांगू. ती रोपं तरातरा वाढली. दोन महिन्यांची भाजी एकवीस दिवसांत आली. दोडके हातभर लांब. वांगी अशी जांभळी, अशी चकचकीत की त्यात तोंड बघावं. भोपळा तर तारा आणि बकुळा दोघींनी मिळून उचलला तरी हलेना. एकच गोष्ट जरा वेगळी होती. सगळीच्या सगळी वांगी एकाच बाजूला झुकली होती. दोडकेही तिकडेच. भोपळ्याची वेलही तिकडेच. सगळी हौसाच्या परसाकडे. माना लांब करून बघत बसावं ना, तशी.

सगुणाला त्यात काही वाटलं नाही. तिनं पहिला दोडका तोडला, खोबरं-कोथिंबीर घालून भाजी केली आणि हरबाला वाढली. हरबानं बोटं चाटून खाल्ली. म्हणाला, असा दोडका जन्मात खाल्ला नाही. सगुणा इतकी फुलली! तिनंही पोटभर खाल्ला.

मग हरबा हात धुऊन ओट्यावर बसला. समोरून शेजाऱ्याची बैलजोडी चालली होती. हरबा बघत राहिला. त्याचे बैल जास्त पांढरे का, म्हणाला. मग दुसऱ्याची गाडी गेली. त्याची चाकं नवी का, म्हणाला. सगळा दिवस तो ओट्यावरच. दुसऱ्या दिवशीही तसंच. स्वतःचं शेत तसंच पडलं, बैल दावणीला हंबरत राहिले, आणि हा आपला दुसऱ्यांचं मोजत बसला. सगुणाला वाटलं, थकला असेल.

तुम्ही म्हणाल, सगुणानंही दोडका खाल्ला होता, मग तिला कसं काही झालं नाही? मलाही लहानपणी हेच वाटायचं. अरे, तिला आणखी काय व्हायचं राहिलं होतं?

मग आला हळदीचा दिवस. सगुणा पहाटेच उठली. आपली वांगी पाटीत भरली आणि पाटलांच्या घरी नेली. पाटलीणबाईंनी ती वांगी पाहिली आणि हौसानं आणलेली टोपली बाजूला ठेवायला सांगितली. हौसा टोपली उचलून घरी गेली. सगुणानं तिची पाठ लांबपर्यंत पाहिली. मग बसली वांगी भरायला. तीळ भाजले, खोबरं भाजलं, दाण्याचं कूट, काळा मसाला, गुळाचा खडा. वऱ्हाड जेवायला बसलं आणि पातेली रिकामी झाली. जो तो विचारतोय, वांगी कुणाची? सगुणाबाईंची. भाजी कुणी केली? सगुणाबाईंनी. तिला वाटलं, आता सुखानं मरायला हरकत नाही.

पण विडे वाटून होतायत न होतायत तोच रेणूनं नणदेच्या नथीकडे बघितलं. म्हणाली, तिचे मोती माझ्या मोत्यांपेक्षा टपोरे का? नवरदेवाचा भाऊ नवरदेवाच्या फेट्याकडे बघायला लागला. मलाच साधा फेटा का, म्हणाला, आणि त्यानं भावाचा फेटा ओढला. व्याही म्हणाले, तुमच्या घराला खांब जास्त. पाटील म्हणाले, तुमच्याकडे मुलगे जास्त. भटजींनासुद्धा दुसऱ्या भटजींचं उपरणं डोळ्यांत खुपलं. दिवे लागायच्या आत वऱ्हाडानं गाड्या जुंपायला काढल्या. लग्न होणार नाही, म्हणाले. रेणू खोलीत जाऊन दार लावून बसली.

सगुणाला ओट्यावर बसलेला हरबा आठवला, त्यानंही तिचाच दोडका खाल्ला होता. ती मागच्या दारानं निघाली आणि घराकडे धावली. तिला आठवलं, सकाळी जाताना आपण मुलींसाठी भोपळ्याचे घारगे करून ठेवलेत.

घरी आली तर घारग्यांची परडी रिकामी. बकुळा कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून बसली होती. तिच्या मानेवर वेणी नव्हती. इतकी लांब, दाट वेणी, सगळं गाव कौतुक करायचं तिचं, ती खाली जमिनीवर पडली होती. तारा मधोमध उभी. हातात कातर. रडत नव्हती, घाबरली नव्हती. नुसती बघत होती बहिणीकडे.

ती नजर सगुणाच्या ओळखीची होती. घागरीतल्या पाण्यात तिनं ती रोज सकाळी पाहिली होती. रोज. आणि ओळखलं नव्हतं.

सगुणा मटकन खाली बसली. ताराच्या हातातली कातर काढून घेतली. मग दोघींना दोन हातांना धरलं आणि कुंपण ओलांडून हौसाच्या परसात गेली. हौसा चाकवत खुडत होती.

सगुणा वाफ्याच्या कडेला बसली. मनातलं कबूल करायचं, हे सगळ्यांत अवघड असतं, बाळांनो. शेवटी ती म्हणाली,

"हौसा, मला तुझा हेवा वाटतो. तू आलीस त्या दिवसापासून वाटतो."

हौसानं मान वर केली. "ठाऊक आहे मला. तुमची वांगी दिवसभर माझ्याकडे बघत असतात."

"मग बोलली का नाहीस?"

हौसानं खुडलेला चाकवत ओटीत टाकला. मग म्हणाली, "कारण मलाही तुमचा वाटतो, अक्का. जेवणवेळेला तुमच्या घरात चार ताटं मांडल्याचा आवाज येतो. मुली हसतात. माझ्याकडे दोन ताटं, आणि मामंजींना ऐकू येत नाही."

सगुणाला हे कधी सुचलंच नव्हतं. तिनं विचारलं, "मग तुझी भाजी कशी गोड?"

"मी पाणी घालायच्या आधी बांधावर उभी राहते आणि सगळं बोलून टाकते. कुणी ऐकायला नसतं, दगडांना सांगते. रडायचं असलं तर रडते. मग मोकळी झाले की घागर उचलते. ते बी ऐकतं ना, म्हणून."

मग सगुणा म्हणाली, तुझीच भाजी सगळ्यांना खाऊ घालू या, आणि दोघी चुलीपाशी आल्या. हौसानं ओटीतला सगळा चाकवत सगुणाच्या पुढ्यात ओतला. सगुणानं डाळ-दाणे शिजत घातले. हौसानं ताक घुसळलं. तिनं पहिल्यांदाच पाहिलं की ताकातली भाजी उतू न देता कशी ढवळत राहायची. आणि सगुणानं पहिल्यांदाच पाहिलं की इतक्या कोवळ्या पानाला मसाला लागतच नाही. भाजी झाली तशी पहिली वाटी दोघी मुलींना दिली. ताराचा पहिला घास घशाखाली गेला आणि तिनं बहिणीची कापलेली वेणी पाहिली. मग जी रडली, जी रडली. बकुळानं तिला जवळ घेतलं. जिची वेणी गेली तिनंच, बरं का.

तिथून दोघी बायकांनी पातेलं उचललं आणि पाटलांच्या अंगणात नेलं. वऱ्हाड गाड्यांत चढत होतं. सगुणा सगळ्यांच्या मधे उभी राहिली. जिथे लोक तिला वाहवा म्हणाले होते, तिथेच. तिनं सांगून टाकलं. वांगी माझी होती आणि माझ्या मनातलं जळणं तुम्ही खाल्लंत. ही भाजी हौसाची आहे. एक घास खा आणि मग खुशाल जा.

लोक कुजबुजले. काहींनी तोंडं वाकडी केली. सगुणा मान खाली घालून उभी राहिली, पण हलली नाही. मग नवरदेवाच्या भावानं, तो भुकेला होता बिचारा, एक वाटी घेतली. खाल्ली. आणि गाडीतून उतरून भावाचा फेटा नीट बांधायला लागला. मग व्याह्यांनी खाल्ली. पाटलांनी खाल्ली. नणदेनं वाटी घेऊन रेणूचं दार ठोठावलं. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण दोघी हात धरून बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. पंगतीला सगुणानं आणि हौसानं मिळून स्वयंपाक केला.

हरबाला मात्र दोन वाट्या लागल्या. मग तो उठला, दावणीपाशी गेला आणि आपल्या बैलांच्या मानेवरून हात फिरवत राहिला.

वेणी काही लगेच परत आली नाही. केस आपल्या वेळेनंच वाढतात. दोन वर्षं लागली. ती दोन वर्षं तारा रोज बकुळाच्या डोक्याला तेल लावायची. सगुणानं आपली जुनी रोपं उपटली, नवं बी लावलं आणि ती रोज सकाळी बांधावर उभी राहून आधी बोलायला शिकली. कधी पटकन व्हायचं, कधी ऊन वर यायचं तरी संपायचं नाही. कधीकधी तर कुंपणाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, अशा दोघी उभ्या असायच्या.

मग हौसाचा सासरा आणि हौसा सणावाराला सगुणाकडे जेवायला यायला लागली. सगळी सुखानं राहिली, पोटभर जेवली आणि वेळेवर निजली.

चला, डोळे मिटा आता. सुमे, सगळं पांघरूण एकटीनं ओढू नकोस. भावालाही दे.