पाठीने दार लावणारी वॉम्बॅटीण

ही गोष्ट फार जुनी आहे. मला सांगणाऱ्यालाही ती कुणीतरी सांगितलेली. दूर दक्षिणेला, ऑस्ट्रेलियातल्या निलगिरीच्या रानात एक वॉम्बॅटीण, म्हणजे छोट्या अस्वलासारख्या दिसणाऱ्या वॉम्बॅट या प्राण्याची मादी, राहत होती. गुबगुबीत, आखूड पायांची, आडव्या हाडाची. बीळ खणण्यात तिचा हात धरणारे कुणी नव्हते.

संकट आले की ती बिळात आतल्या बाजूला तोंड करून बसायची आणि आपल्या जाड, टणक पार्श्वभागाने वाट बुजवून टाकायची. वॉम्बॅटांची ही रीतच. मग रानकुत्र्याने कितीही ओरबाडले तरी तिला काही होत नसे. पण मागच्या वर्षी तिला उशीर झाला आणि कुत्र्याने तिचे पहिले पिल्लू नेले. तेव्हापासून पाचोळा वाजला तरी ती वाट बुजवी. तिला भित्री म्हणून हसू नका. बिचारीने फार सोसले होते, आणि आता तिच्या पोटाच्या पिशवीत दुसरे पिल्लू होते.

एका उन्हाळ्यात रानाला वणवा लागला. एक वॉलबी, म्हणजे छोटी कांगारूच म्हणा ना, पोटाच्या पिशवीत पिल्लू घेऊन धावत आली. चाहूल लागताच वॉम्बॅटिणीने बीळ बुजवले.

“मावशी, जरा आत सरका हो. मागे आग आहे,” वॉलबी म्हणाली आणि नखांनी तिची पाठ खरवडू लागली.

आत मातीत तोंड खुपसलेल्या वॉम्बॅटिणीला शब्द ऐकूच गेले नाहीत. नखे तेवढी कळली. “आलास का मेल्या? या खेपेला नाही मिळायचं,” ती पुटपुटली आणि आणखी घट्ट बसली.

आता गंमत ऐका. वॉम्बॅटिणीच्या पिशवीचे तोंड मागे असते, म्हणजे खणताना पिल्लावर माती उडत नाही. त्यामुळे आईला दिसत नव्हते ते पिल्लाला दिसले.

“आई, कुत्रा नाही गं. कुणाची तरी आई आहे. तिच्याजवळपण बाळ आहे.”

वॉम्बॅटीण चरकली आणि झटकन आत सरकली. वॉलबी आत शिरली. मागोमाग आग बिळावरून निघून गेली.

वॉलबीचे पिल्लू वाचले. पण बाहेर थांबावे लागले तेवढ्यात तिचे मागचे पाय होरपळले होते. पुढे तिला पहिल्यासारखी उडी कधीच मारता आली नाही.

वॉम्बॅटीण ते पाय चाटत राहिली. “बाई गं, मी तुला कुत्रा समजले.”

“माझ्या बाळाला जागा दिलीत ना, मावशी,” वॉलबी म्हणाली.

वॉम्बॅटिणीला हे शब्द नखांपेक्षा जास्त लागले.

तात्पर्य : भीतीपोटी दार लावण्याआधी, दारात कोण आले आहे ते एकदा वळून पाहावे.