कड्यावरचे दोन दोर

फार पूर्वी, ढग ज्याच्या अंगावर झोपत अशा एका डोंगरावर, एक मध काढणारा राहत होता.

तिथली रीत अशी, की कड्यावरून उतरणाऱ्याचा दोर त्याच्या मेहुण्याने धरायचा. बहिणीचे कुंकू त्या दोराला असते, म्हणून तो हात सैल सोडत नाही. पण या माणसाची बायको वारली होती आणि तिच्या भावाने येणेजाणे थांबवले होते.

मग त्याने स्वतःच दोर वळला. उपवास केला की एक पेड, तहानलेल्याला पाणी दिले की एक पेड. सात वर्षांत दोर मनगटाएवढा जाड झाला. त्याने त्याचे एक टोक कड्यावरच्या झाडाला आणि दुसरे आपल्या कमरेला बांधले.

"काय हो, झाडालाच मेहुणा केलंत?" शेजारी हसला.

"निदान ते टोमणे तरी मारत नाही," म्हणत तो उतरला.

खाली पांढरे धुके होते. दूर कोणी अंगाई म्हणावी तशी माश्यांची गुणगुण येत होती. अर्ध्यावर दोर खडकाच्या फटीत अडकला आणि धारेवर घासून तुटू लागला. त्याचे पाय कसेबसे एका कपारीवर टेकले. खाली तळ दिसेना.

इतक्यात धुक्यातून दुसरा दोर आला.

"हा कमरेला बांध," वरून आवाज आला.

"कोण तू?"

"येशू."

"आपलं काय नातं?"

"ते जोडायलाच आलोय."

त्याने तो दोर बांधला. पण जुना काही सोडवेना.

"अरे, तो फटीत अडकलाय. तो सोडल्याशिवाय तुला वर घेता येणार नाही."

"सात वर्षं वळलाय हो! हा सोडला तर माझं काय उरेल?"

"तू उरशील."

आणखी एक पेड तुटला. त्याने डोळे मिटले आणि कमरेची जुनी गाठ सोडली. पाय कपारीवरून सुटले. सगळा भार नव्या दोरावर गेला, आणि झोपलेल्या मुलाला कोणी उचलून न्यावे तसा तो हळूहळू वर आला.

वर ऊन होते. त्याने दोर धरणाऱ्याच्या तळहातांवरच्या जखमा पाहिल्या.

"माझ्या वजनाने झालं का हे?"

"हे वधस्तंभाच्या खिळ्यांचे व्रण. तुझ्यासाठीच, पण फार आधीचे."

मध काढणारा त्याच्या पायाशी वाकला. मग म्हणाला, "प्रभू, आजपासून मी तुझा." आणि त्याच्या मागोमाग चालू लागला.

तात्पर्य: स्वतःच्या पुण्याईची गाठ सोडून जो ख्रिस्तावर सगळा भार टाकतो, त्याचे तारण होते, आणि ज्याने तारले, त्याचेच होऊन राहावे.