रूथबाईचे हात

मुळा नदीच्या काठी हिवरसांगवी नावाचे एक लहानसे गाव आहे. एका वर्षी पुनरुत्थानाच्या सणाला मत्तय महाराज तेथे मुक्कामी होते. महाराज मोठे येशूभक्त. अंगात जाडाभरडा सदरा, हाती टाळ आणि मुखी अखंड प्रभूचे नाव. ते कीर्तनाला उभे राहिले की ख्रिस्तमंदिरात पाय ठेवायला जागा उरत नसे.

रूथबाई मात्र कीर्तन ऐकायची ते बाहेर, विहिरीजवळच्या कडूनिंबाखाली बसून. महारोगाने तिच्या दोन्ही हातांची बोटे झडली होती. रोग औषधाने केव्हाच थांबला होता, पण लोकांच्या मनातून गेला नव्हता. तिला कोणी हाकलत नसे, अन् जवळही कोणी बोलावत नसे.

त्या दिवशी महाराजांनी शरीराचेच निरूपण मांडले. "बाबांनो, प्रभू कबरेतून उठले ते सावली होऊन नव्हे! त्यांनी शिष्यांना आपले हात दाखवले, त्यांच्या देखत मासा खाल्ला. आपल्यालाही तसंच उठायचं आहे. ज्याला ताप नाही, म्हातारपण नाही, मरण नाही, असं शरीर आपल्याला मिळणार आहे!"

कीर्तन संपले. महाराज थेट कडूनिंबाखाली आले आणि रूथबाईच्या शेजारी मातीतच बसले. ती बावरली, जरा सरकली.

"महाराज, एक विचारू? त्या नव्या शरीराला हात असतील ना?"

"असतील तर! काय करशील त्या हातांनी?"

"या हातांना काही कळत नाही हो. चटका कळत नाही, काटा कळत नाही. नवे हात मिळाले की आधी प्रभूच्या पायांना लावीन. पाय कसे लागतात ते मला कळलं पाहिजे."

महाराजांचे डोळे भरून आले. इतक्यात मागून मोठ्याने हसणे ऐकू आले. तो गिदोन पैलवान होता. याच मंडळीतला, तालुक्यात त्याची पाठ कोणी मातीला लावली नव्हती.

"म्हातारे, शरीर म्हणजे काय ते इकडं बघ!" त्याने दंड थोपटले. "दूध, बदाम आणि घाम, तेव्हा हे होतं. तुझी बोटं कुठल्या उकिरड्यात पडली ते तुला तरी ठाऊक आहे का? देव काय ती वेचत बसणार?"

चार टवाळ हसले. रूथबाईने हात पदराखाली घेतले.

महाराज शांतपणे म्हणाले, "होय गिदोना, वेचत बसेल. मातीतून माणूस ज्यानं घडवला, त्याला कुठली माती कोणाची हे विचारावं लागत नाही."

पंगतीची वेळ झाली. पाणी शेंदताना एका बाईची घागर विहिरीत पडली. "दोर कशाला? मीच आणतो," म्हणत गिदोन पैलवानाने शर्ट काढला. तोवर आत प्रार्थना सुरू झाली आणि सगळे तिकडे गेले. "तुम्ही व्हा पुढं, मी येते," असे महाराजांना सांगून रूथबाई झाडाखालीच राहिली. इतक्या माणसांत बसायचा तिला अजून धीर होत नव्हता.

पैलवान विहिरीच्या भिंतीतल्या दोन-तीन दगडी पायऱ्या उतरला असेल नसेल, तोच त्याच्या भाराने पायाखालचा दगड निखळला. विहिरीच्या पाण्याने उन्हाळ्यात तळ गाठलेला. खाली घोटाभर पाणी आणि काळा कातळ. पडता पडता त्याने काठाचा दगड एका हाताने पकडला आणि तो लोंबकळू लागला.

"धरा! अरे, कोणीतरी धरा मला!"

आत ढोलकीवर भजन रंगले होते. ऐकले ते फक्त रूथबाईने. ती धावली. धरायचे कशाने, हा विचार तिच्या मनाला शिवलासुद्धा नाही. रहाटाच्या खांबाला पायांची आढी घालून ती काठावर पालथी पडली. "प्रभू, हात तुझे दे!" एवढेच म्हणाली आणि आपले थोटे तळवे तिने त्याच्या मनगटाला लावले.

आणि काय सांगावे! तिला कळले. त्याच्या मनगटावरचे केस कळले, घाम कळला, धडधडणारी नाडी कळली. काठाचा दगड त्याच्या हातून सुटला, तरी तो पडला नाही. एवढा आडदांड गडी. पण तिला तो पाळण्यातल्या लेकरासारखा हलका वाटला. भीतीऐवजी तिला हसूच येत होते.

आत महाराजांनी भजन मध्येच थांबवले. "विहिरीकडे पळा!"

माणसे धावली. दोर सोडून त्यांनी गिदोनाला वर ओढले. तो धापा टाकत म्हणाला, "मला धरलं कोणी?"

"या रूथबाईनं."

"थट्टा करू नका! मला बोटं लागली. दहा बोटं!"

त्याने मनगट पुढे केले. त्यावर दहा बोटांचे लाल वळ होते. नखेसुद्धा उमटली होती.

रूथबाईने आपले हात पाहिले. होते तसेच, बोटांवाचून. तापलेल्या दगडाला लावून पाहिले. काही कळले नाही.

"महाराज, गेले ते हात."

"गेले नाहीत, बाई. प्रभूजवळ आहेत. आज त्यांनी ते घटकाभर तुला दाखवले. शेवटल्या दिवशी मिळतील, ते कायमचे."

"मग मला घाई नाही," रूथबाई म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता.

गिदोन पैलवान उठला. भर आखाड्यातही कधी वाकली नव्हती ती मान खाली घालून तो महाराजांच्या पायांकडे वळला. महाराजांनी त्याला अडवले आणि नुसते रूथबाईकडे बोट केले. तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. तिचे दोन्ही हात घेऊन त्याने आपल्या कपाळाला लावले. "आई, चुकलो," म्हणाला, आणि रडू लागला.

त्याच्या आसवांनी आपले हात भिजले आहेत हे रूथबाईला स्पर्शाने कळले नाही. तिने ते पाहिले आणि ती म्हणाली, "ऊठ लेकरा, पंगत खोळंबली आहे." मग ती त्याच्याबरोबर आत गेली आणि सगळ्यांच्या मधोमध जेवायला बसली.